गजाभाऊ आणि दुसरी डिस्क

परवा शेजारच्या सुलभाताईंचा कंप्युटर बंद पडला. त्यांनी कुंपणापलीकडून हाक मारून विचारलं, "बाई, कोणी चांगला दुरुस्तीवाला आहे का हो ओळखीचा?" माझ्या तोंडून नाव निघालंच होतं. "गजा..." एवढं बोलून मी थांबले. सुलभाताईही थांबल्या. चौलात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांनी घाईघाईने यंदा सुपारी किती गळतेय ते सांगायला घेतलं आणि मी मान डोलावत राहिले.

दिवसभर मला स्वतःचाच राग येत होता. अकरा वर्षं मी गावोगाव हिंडून लग्नात धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या धवलारणींचे आवाज गोळा केले आणि ते सगळे या माणसाच्या हातून गेले. तरी कंप्युटर म्हटलं की पहिलं नाव त्याचंच यावं? रागात मी त्यांना 'तो' म्हणते. समोर कधी म्हटलं नाही, आणि आताही लिहिताना जमेलसं वाटत नाही.

गजानन म्हात्रे त्यांचं नाव. गाव त्यांना गजाभाऊ म्हणे. त्यांची नोकरी एका कारखान्यात मीटर दुरुस्त करण्यात गेली. मुदतीआधीच निवृत्ती घेऊन ते घरी आले आणि मग लोकांचे रेडिओ, टीव्ही, होड्यांवरचे वायरलेस सेट असं करत करत कंप्युटरपर्यंत पोचले. कुठला कोर्स केला नव्हता. किडकिडीत अंग, दोन चष्मे, एक नाकावर आणि एक कपाळावर, सायकलच्या कॅरियरला रेक्झिनची काळी पिशवी. कॅबिनेटला ते पेटी म्हणायचे.

पेटी उघडण्याआधीचा त्यांचा सोहळा बघण्यासारखा असे. आधी नळावर पाय धुवायचे आणि ओल्या पायांनी तसेच फरशीवर उभे राहायचे. मग नळाची तोटी मुठीत धरून चार-पाच श्वास घ्यायचे. मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा म्हणाले, "अंगातली वीज उतरवतो, बाई. आपल्याला कळत न्हाय पण चिपला कळते." मग तोंडातलं पान थुंकून चूळ भरायची, शर्ट काढून खुंटीला लावायचा, आणि अंड्यांचा रिकामा ट्रे मांडायचा. एका खळग्यात झाकणाचे स्क्रू, दुसऱ्यात पंख्याचे, तिसऱ्यात डिस्कचे. कधी एक स्क्रू उरला किंवा कमी पडला असं झालं नाही. रॅमच्या पट्टीचे सोनेरी दात ते शाळेतल्या पांढऱ्या खोडरबराने घासायचे. रंगीत, वासाचा खोडरबर चालायचा नाही, त्याचं तेल लागतं म्हणून. मी चौतीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे माझ्याकडे खोडरबरांचा साठा होता, आणि तेवढ्यावरून आमची पहिली गट्टी जमली.

त्यानंतर पेटीला नाक लावून वास घ्यायचे. जळका वास, झुरळाचा, उदबत्तीचा, सगळे त्यांना ओळखू यायचे. मग घरच्यांकडे वळून प्रश्न विचारायचे, "शेवटचं काय केलं होतंत?"

"काही नाही हो," असं प्रत्येक जण म्हणे.

"काय न्हाय कसं? काय न्हाय तर मना कशाला बोलावलं?"

आणि मग हळूहळू बाहेर यायचं की धाकट्याने पेन ड्राइव्ह उलटा घातला होता, किंवा देवघराची जागा बदलताना पेटी जरा आपटली होती. त्यांचा एकच कायदा होता, एका वेळी एकच. एका वेळी एकच वस्तू काढायची, एकच बदलायची, मग बघायचं. दोन बदलल्या तर कशामुळे चाललं ते कधीच कळणार नाही. मशीन अडलं की ते सगळं उपसून बाहेर ठेवायचे आणि अगदी मोजक्या भागांवर चालू करून बघायचे. "आधी उपाशी ठेवायचा. मग एकेक घास भरवायचा. ज्या घासाला ओकला, तोच खराब," असं त्यांचं म्हणणं.

चुकलं मात्र कधी त्यांचं नसायचं. चुकायची ती हवा. "खारी हवा, बाई. समुद्र हाय ना." हवेचं खरंही असायचं, आमच्याकडे कपाटातल्या सुयांना गंज चढतो. पण गजाभाऊंची हवा दाराखिडक्या बंद असल्या तरी यायची.

माझा कंप्युटर त्यांनीच बांधला. मी तयार विकत घेणार होते, तर त्यांनी घेऊ दिला नाही. "तयार मशीन म्हंजे दुसऱ्यानं शिजवलेलं. आत काय घातलंय, कुणाला ठाव?" ते रेवसहून लाँचने भाऊच्या धक्क्यावर गेले आणि दोन दिवसांनी सगळे भाग घेऊन त्याच लाँचने परत आले. प्रोसेसरची डबी त्यांनी शर्टाच्या आत पोटाशी धरून आणली होती, लाँचवर पाणी उडतं म्हणून. दुसऱ्या दिवशी माझ्या ओटीवर बांधणी सुरू झाली. दुपारपर्यंत सगळं बसलं, बटण दाबलं, आणि पंखा अर्धा वळसा घेऊन थांबला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

पुढचे तीन तास मी बघत होते. सगळं काढून पुठ्ठ्यावर मांडलं की मशीन चालायचं. पेटीत बसवलं की मरायचं. गजाभाऊंच्या कपाळावरचा चष्मा घामाने घसरून नाकावरच्या चष्म्यावर येऊन बसला. शेवटी म्हणाले, "चाय टाका, बाई." मी चहा घेऊन बाहेर आले तर पंखा छान फिरत होता.

"काय झालं होतं हो?"

"हवा. सांध्यात खार बसलेला."

पण ते उठले तेव्हा मी पाहिलं, त्यांनी एक पितळी खुंटी मुठीतून हळूच खिशात सोडली. मदरबोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून त्याच्याखाली छोट्या पितळी खुंट्या लावतात. एक खुंटी भलत्याच जागी लावली गेली होती आणि बोर्डाला खालून टोचत होती. सोबत आलेल्या माहितीपत्रकात हे चित्रासकट दिलेलं होतं आणि मी ते वाचलं होतं. मी काही बोलले नाही. उलट कितीतरी जणांना ही गंमत रंगवून सांगितली. माणसाला एवढं सांभाळून घेतलं की तो काय शिकतो, हे मी शिक्षिका असून माझ्या लक्षात आलं नाही.

रेवदंड्याच्या हमीदाखालांची गोष्ट तेवढी त्यांच्या बाजूने सांगितली पाहिजे. त्यांचा मुलगा कुवेतला असतो. दर शुक्रवारी नमाजानंतर तो व्हिडिओवर यायचा आणि दहा मिनिटं झाली की कंप्युटर पटकन बंद. बाकीच्या दिवशी नातवंडं तासन्‌तास खेळायची तेव्हा काही व्हायचं नाही. अलिबागचे दोन दुरुस्तीवाले येऊन गेले, एकाने पॉवर सप्लाय बदलला, दुसऱ्याने रॅम. खाला रडकुंडीला आल्या. "अल्लाची कसम, मी हात पन लावत नाय त्याला. माज्याच नशिबात नाय पोराशी बोलनं."

गजाभाऊंनी पेटी उघडलीच नाही. म्हणाले, "शुक्रवारी येतो." शुक्रवारी जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. मलाही बरोबर नेलं होतं. नमाज झाला. खालांनी नवी ओढणी घेतली, खोली आवरली, आणि कपाटातून जरीकाठाचा, बारीक भरतकामाचा एक रुमाल काढून पेटीवर नीट चारी बाजूंनी घातला. मुलगा बघणार, खोलीत धुळकट डबा दिसू नये म्हणून. पेटीला श्वास घ्यायला जागाच राहिली नाही. दहा मिनिटांत ती तापली आणि बंद झाली.

गजाभाऊ उठले आणि रुमाल अलगद काढून घडी करून खालांच्या हातात दिला. "खाला, हा आता टेबलावर घाला. पेटी उघडीच राहू द्या, ती लाजत न्हाय." खाला इतक्या हसल्या की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. परतताना सायकल हातात धरून चालत ते मला म्हणाले, "ते दोघं मशीनकडं बघत होते, बाई. माणूस काय करतो ते कोण बघणार?" त्या दिवशी मला त्यांचा खरोखर अभिमान वाटला होता.

मग मी त्यांची विद्यार्थिनी झाले. वयाने मी मोठी, पण शिकायची हौस. ते आले की मी टॉर्च धरून बाजूला बसायचे. चालू होताना मशीनने एक लांब शिट्टी आणि दोन आखूड दिल्या म्हणजे काय, फुगलेला कॅपॅसिटर कसा ओळखायचा, केबल कधी ओढायची नाही, सगळं त्यांनी शिकवलं. कधी मुद्दाम एखादी केबल ढिली करून ठेवायचे आणि म्हणायचे, "शोधा." मी शोधली की खूश व्हायचे. एकदा म्हणाले, "तुमाना आता फसवता यायचं न्हाय." हे मी तेव्हा कौतुक समजले.

आता धवल्यांकडे येते, कारण सगळं त्याच्यासाठीच होतं. आमच्याकडे आगरी लग्नात धवलारीण असते. हळद दळण्यापासून नवरी घरात येईपर्यंत जो जो विधी, त्याचा धवला ती म्हणते. ती म्हणेपर्यंत विधी पुढे सरकत नाही. या बायका कुठे शाळेत गेलेल्या नसतात, सगळं आईकडून किंवा सासूकडून ऐकून पाठ. मी एका विद्यार्थिनीच्या लग्नात पहिल्यांदा नीट ऐकलं आणि मी वेडीच झाले. निवृत्तीनंतर रेकॉर्डर घेऊन मी गावं पालथी घातली. अकरा बायका भेटल्या. त्यांतल्या आठ आता नाहीत. शब्द मी वह्यांत उतरवून घेतले आहेत, पण धवला शब्दांत नसतोच. तो कुठे चढतो, कुठे रेंगाळतो, यात असतो.

त्या अकरा जणींत सगळ्यात मोठी धवलारीण होती भीमाबाई म्हात्रे, गजाभाऊंची आई. तेव्हाच तिची नव्वदी जवळ आलेली. तिचा आवाज जाड होता आणि ती ओळीच्या शेवटी श्वास घ्यायची नाही, शब्दाच्या मध्ये घ्यायची. अर्धा शब्द इकडे, अर्धा तिकडे, आणि मधल्या त्या क्षणात मांडव गप्प व्हायचा. मी तिचे सत्तावीस धवले रेकॉर्ड केले. गजाभाऊ दाराशी उभे राहून ऐकायचे आणि तिला पाणी आणून द्यायचे. ती मला म्हणायची, "माझ्या पोराला सगलं दुरुस्त करता येतं, पन एक धवला येत न्हाय. पोरगी असती तर घेतला असता."

डिस्क दोन हव्यात, हा आग्रह गजाभाऊंचाच होता. "एक डिस्क म्हंजे आज हाय, उद्या न्हाय. आयचा आवाज हाय आत, बाई. एक गेली तर दुसरी." त्यांनी दुसरी डिस्क आणून बसवली. पडद्यावर C च्या शेजारी D दिसायला लागला. दर शनिवारी मी नवीन रेकॉर्डिंग C वरून D वर उतरवायचे, दोन्हीकडे नीट वाजतंय का बघायचे, आणि मग रेकॉर्डरचं कार्ड मोकळं करायचे. शाळेत हजेरी घ्यावी तितक्या शिस्तीने हे मी केलं.

भीमाबाई गेली. तिच्या तिथीला गजाभाऊ दर वर्षी सकाळी माझ्याकडे यायचे, आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून. मी बाशिंग बांधण्याचा धवला लावायचे. ते डोळे मिटून बसायचे, संपला की "पुन्ना एकदा" म्हणायचे. मी स्वयंपाकघरात निघून जायचे, त्यांना एकटं बसू द्यायचे.

दोन वर्षांपूर्वी गणपती उठल्यानंतर एके सकाळी पेटीतून टकटक आवाज यायला लागला. डिस्क मरायला लागली की असा आवाज करते, हेही मला त्यांनीच शिकवलेलं. मी घाबरले नाही. D होता. फोन केला तर गजाभाऊ मुलीकडे पनवेलला गेलेले, चार दिवसांनी येणार. दुपारपर्यंत पडदा काळा झाला. मग मी अलिबागहून शलाका राणे नावाच्या बाईंना बोलावलं, त्यांचं तिथे दुरुस्तीचं दुकान आहे. मी त्यांना सांगितलं, "पहिली डिस्क गेली आहे. काही हरकत नाही, दुसरीवर सगळं आहे. फक्त ती नव्या डिस्कला जोडून द्या."

त्यांनी झाकण काढलं. आत पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, दुसरी कुठाय?"

मी टॉर्च धरला. जिथे दुसरी डिस्क होती ती जागा रिकामी होती. बाजूला धूळ, आणि मध्ये तेवढा चौकोन जरा कमी धुळीचा. तिची केबल नीट गुंडाळून चिकटपट्टीने बांधलेली होती. पट्टीचं टोक आत दुमडलेलं, पुढच्या वेळी नखाने सहज सुटावं म्हणून. तसं टोक दुमडणारा एकच माणूस मला माहीत होता.

"पण पडद्यावर D दिसत होता हो. कालपर्यंत. मी दर शनिवारी..."

शलाकाबाईंनी मला खाली बसवलं आणि समजावून सांगितलं. एकाच डिस्कचे दोन हिस्से पाडता येतात. एकाला C म्हणायचं, दुसऱ्याला D. पडद्यावर दोन दिसतात, आत डिस्क एकच असते. मी दोन वर्षं एका खोलीतलं सामान त्याच खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात ठेवत होते. ती खोली आता कोसळली होती. मेलेली डिस्क त्यांनी मुंबईला पाठवली. तिकडून निरोप आला की आतल्या चकत्यांवर चरे पडलेत, काही निघणार नाही. दोन धवले मी कधीतरी भाचीला फोनवर पाठवले होते, तेवढे वाचले. त्यांत भीमाबाईचा एकही नव्हता.

गजाभाऊ परत आले त्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. ओटीवर बसून ते कुणाचा तरी माऊस साफ करत होते. मला बघून उठले. "या या, बाई. काय झालं मशीनला?"

"गजाभाऊ, दुसरी डिस्क कुठाय?"

"हाय ना. आत..." एवढं म्हणाले आणि माझ्या तोंडाकडे बघून थांबले. माऊस खाली ठेवला. कपाळावरचा चष्मा काढून पुसत बसले, नाकावरचा तसाच. मग बोलले. अधूनमधून थांबत, पण सगळं बोलले.

रेवदंड्याच्या एका फोटोवाल्याने नवी कोरी डिस्क बसवायला दिली होती. त्याच्या पेटीतला पॉवर सप्लाय असा, की त्याच्या केबली सुट्या निघतात. गजाभाऊंनी आपल्या पिशवीतली दुसऱ्याच पॉवर सप्लायची केबल लावली. तोंड सारखं, आतल्या तारांचा क्रम वेगळा. चालू करताच डिस्क जळाली. दुकानात फोटोवाला बसलेला, गिऱ्हाईकं बसलेली. "सगळे म्हणत होते, गजाभाऊ आलेत, आता काय काळजी न्हाय," ते म्हणाले. फोटोवाल्याला वास आला, त्याने विचारलं, तर म्हणाले, धूळ जळाली. 'एक हत्यार घरी राहिलं' असं सांगून सायकल काढली आणि थेट माझ्याकडे आले. तीच कंपनी, तेवढीच डिस्क माझ्या पेटीत होती. त्यांना माहीत होतं, कारण त्यांनीच ती बसवली होती. ती पुसून कोरी केली आणि फोटोवाल्याच्या पेटीत लावली; आता तिच्यावर त्याचे दोन वर्षांचे फोटो होते.

मला ती सकाळ आठवली. पंखा साफ करतो म्हणाले होते, आणि म्हणाले होते, "चाय टाका, बाई." मी चहात आलं किसून घातलं होतं त्यांच्यासाठी.

"आणि D?"

"तो... तेव्हाच केला. तुमाना दिसला न्हाय तर तुमी विचारलं असतं."

डिस्क नेली, हे मी एक वेळ समजू शकले असते. घाबरलेला माणूस हाताला येईल ते उचलतो. पण माझ्या ओटीवर बसून, चहा उकळेपर्यंतच्या वेळात, पडद्यावर D हे अक्षर दिसत राहावं म्हणून त्यांनी डोकं शांत ठेवून काम केलं. त्यात जुन्या फायलींची नक्कल टाकली, म्हणजे मी उघडलं तर मला सगळं जागच्या जागी सापडावं. ते मला अजून गिळता येत नाही.

"नवी आणून लावायची होतीत. दोन वर्षं झाली."

आतून त्यांची बायको बाहेर आली. तिने ऐकलं होतं सगळं. तिच्या हातात चंदेरी पिशवीतली सीलबंद डिस्क होती. "ही कवापासनं कपाटात पडलीय, बाई. इचारलं की सांगतात, बाईंची हाय."

"आठ दिवसांत आणली होती," गजाभाऊ म्हणाले. "पन लावणार कशी? तुमी टॉर्च घेऊन बाजूला बसता. पिशवीतनं डिस्क काढली असती, तर विचारलं असतंत, ही कशाला. तुमाना सगळं कळतं आता."

म्हणजे मी नीट शिकले, हा माझा दोष. चार शब्द बोलायचे होते. 'बाई, माझ्या हातून जळाली.' मी रागावले असते, संध्याकाळपर्यंत विसरले असते. ते चार शब्द त्या तोंडातून निघाले नाहीत आणि नवी डिस्क कपाटात साड्यांखाली पडून राहिली. आणि मधल्या दोन्ही तिथींना हा माणूस माझ्याकडे आला, धुतलेला शर्ट घालून, डोळे मिटून आईला ऐकत बसला. आता एकच प्रत उरलीय हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं.

मी निघाले. पायरी उतरत होते तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "बाई, आयचा पन?"

"आयचा पण," मी म्हटलं, आणि मागे वळून पाहिलं नाही.

मी मोठ्या मनाची बाई नाही. हे मी पोटात ठेवलं नाही, गावभर सांगितलं. हमीदाखालांना सांगितलं, बँकेत सांगितलं, देवळात सांगितलं. लोक त्यांना बोलवेनासे झाले. फोटोवाल्याने आपली पेटी दुसऱ्याकडून उघडवून बघितली. गजाभाऊ तीनदा माझ्या फाटकाशी आले, मी दार उघडलं नाही. चौथ्यांदा बायकोबरोबर ती सीलबंद डिस्क पाठवली, मी परत पाठवली. पुढे कळलं की त्यांनी काम सोडलं. मला वाईट वाटलं नाही. वाटायला हवं होतं असं काही जण म्हणाले.

यंदा वैशाखात आमच्याच गावात एक लग्न होतं. धवलारीण आतल्या गावातून आणलेली, उरलेल्या तिघींपैकी एक. मी रेकॉर्ड करायला फोन घेऊन पुढे बसले होते. नवऱ्यामुलाला बाशिंग बांधायची वेळ झाली, पोरांनी लाऊडस्पीकर बंद केला, आणि तिने धवला धरला. शब्द तेच. चाल मात्र तिच्या माहेरची, वेगळी.

पहिलं कडवं झालं तेव्हा माझ्या शेजारी कोणीतरी येऊन उभं राहिलं. गजाभाऊ होते, नवऱ्याकडचे पाहुणे म्हणून आलेले. खूप वाळले होते. चष्मा एकच. त्यांनी नमस्कार केला नाही, माफीही मागितली नाही. खाली वाकून हळूच विचारलं.

"बाई, ह्या जागंला आय वर जायची ना? का खाली उतरायची?"

मी फोन तसाच धवलारणीकडे धरून ठेवला.

"घरात सगळ्यांना विचारला. बहिनीला विचारला. कुनाला नक्की सांगता येत न्हाय. मना तर... मी नुसता उभा राहून ऐकला सगला जनम. तुमी किती वेळा ऐकलाय. जरा गुणगुणून दाखवलंत, तर मी धरून ठेवीन."

मला येत होतं. भीमाबाई तिथे वर जायची, शब्द अर्धा सोडून श्वास घ्यायची आणि उरलेला शब्द खाली उतरून म्हणायची. मी डोळे मिटले तरी मला ते ऐकू येतं. अजून येतं.

"नाही आठवत, गजाभाऊ," मी म्हटलं.

"व्हय," ते म्हणाले. "कसं आठवल? लई दिवस झाले." त्यांनी मान हलवली आणि मांडवाच्या मागच्या बाजूला, ताटांच्या थप्पीजवळ, एका प्लास्टिकच्या खुर्चीत जाऊन बसले. धवलारणीने दुसरं कडवं घेतलं. मी एकदाच मागे पाहिलं. ते पुढे वाकून, ओठ हलवत, तिच्याबरोबर म्हणत होते. त्या जागेवर आले की हात जरासा वर नेत, मग खाली आणत, आणि दोन्ही वेळा जमलं नाही अशी मान हलवून थांबत. पुढच्या कडव्याला पुन्हा सुरुवात करत. मी मान वळवली आणि धवला संपेपर्यंत समोर बघत राहिले.